अकरावीचं ठरवा आठवीतच!

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात आणि मग घरात प्रश्न निघतो, ‘आता पुढे काय?’ काका म्हणतात सायन्स, शेजारच्या वहिनी म्हणतात कॉमर्स, आणि पोरगी बिचारी मैत्रीण जाईल तिकडे जायला तयार! दोन दिवसांत सगळ्या आयुष्याचा निकाल. मैत्रिणींनो, मुलीच्या लग्नासाठी आपण वर्षानुवर्षं एकेक भांडं जमवत असतो. मग तिच्या शिक्षणाचाच विचार तेवढा ऐन वेळी का?

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात, हावडा-मुंबई लोहमार्गावर दरेकसा हे लहानसं गाव आहे. पलीकडे लगेच छत्तीसगडची हद्द. तिथल्या एखाद्या मुलीचा विचार करा. घरी बोली गोंडी, छत्तीसगडी नाहीतर हिंदी, शाळेत मराठी आणि अकरावी सायन्सला गेली की पुस्तकं इंग्रजी! अशा मुलीच्या आईला ऐन वेळी ठरवून चालतच नाही. तेव्हा तिलाच डोळ्यापुढे ठेवून एकेका वर्षाचा हिशेब मांडू या. तिला जमेल ते शहरात राहणाऱ्या आपल्याला नक्कीच जमेल.

आठवी : या वर्षी ‘एन.एम.एम.एस.’ ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते. सरकारी, नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतल्या मुलांना ती देता येते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत 55 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना त्यात 5 टक्क्यांची सवलत आहे. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000! अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून शाळेत स्वतः जाऊन विचारा. आठवी सरली की ही संधी पुन्हा येत नाही.

याच वर्षी एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन. रोज दोनच शब्द लिहिले, तरी दहावीपर्यंत दोन हजारांवर शब्द होतात. अकरावीत मुली रडकुंडीला येतात त्या बहुधा विषयापेक्षा भाषेमुळे.

नववी : हे वर्ष गणिताचं. पूर्वी ‘सामान्य गणित’ घेऊन सुटता येत असे, आता ती सोय उरलेली नाही. त्रिकोणमितीची ओळख नववीतच होते. ‘दहावीत बघू’ असं म्हणून सोडलेलं नववीचं गणित दहावीत तर छळतंच, पण अकरावीत पुन्हा दारात उभं राहतं.

दहावी : नुसत्या टक्क्यांच्या मागे लागू नका. जायचं कुठे, राहायचं कुणाकडे, गाडी किती वाजता, याची चौकशी दिवाळीच्या सुट्टीतच करा. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत आणि अर्जात दहापर्यंत महाविद्यालयं पसंतीक्रमाने भरता येतात. घरापासून रोज जाता येईल असं कॉलेज आधीच पाहून ठेवलं नसेल, तर भलत्याच गावचा नंबर लागायचा. जातीचा, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला एका पिशवीत तयार ठेवा. बारावीला जायचंच नसेल, तर दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनाची पदविका आहे. गोंदियाला सरकारी तंत्रनिकेतन आहे.

अकरावी : ‘दहावीत खूप दमली, आता एक वर्ष आराम कर’ असं आपण मायेपोटी म्हणतो आणि इथेच फसतो. राज्याच्या सीईटीत सुमारे 20 टक्के भाग अकरावीचा असतो. डॉक्टरकीच्या ‘नीट’ला तर दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. विषय निवडताना एवढं ध्यानात ठेवा : गणित सोडलं की इंजिनिअरिंगचं दार लागतं, जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकीचं. मुलीला झेपत असेल आणि मन ठरत नसेल, तर दोन्ही ठेवावेत. इंजिनिअरिंगच्या सीईटीत 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे असतात. भौतिक व रसायन मराठीतून देता येतात, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत. ती दोनशे पानी वही इथे कामाला येते! ‘नीट’ मात्र मराठीतूनही देता येते. कॉमर्सला जाणाऱ्या मुलींनीही गणित घ्यायला घाबरू नये. त्यांचा गणिताचा अभ्यासक्रम सायन्सपेक्षा वेगळा असतो.

बारावी : या वर्षी नवं काही सुरू करायचं नाही, फक्त उजळणी. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी दरेकसा भागात लोक लोटतात, घरं पाहुण्यांनी भरतात. बोर्डाची परीक्षा त्याच सुमारास. आपल्याकडेही लग्नसराई, हळदीकुंकू चालूच असतं. एवढं एक वर्ष पाहुण्यांचा चहा दुसऱ्या कुणीतरी करावा. मुलीला उठवू नये.

आणि पैशाचं काय? 2024 पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास घटकांतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. गोंदियात 2016 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ‘एवढी फी कोण भरणार?’ म्हणून मुलीला आठवीतच मागे ओढण्याचे दिवस गेले.

सगळ्याच मुलींनी सायन्स घ्यावं असं मुळीच नाही. कुणाला इतिहास आवडेल, कुणाला हिशेब. पण जे सुटलं ते तिने विचार करून सोडलेलं असावं, वेळेवर कुणी सांगितलं नाही म्हणून हातचं गेलेलं नसावं.

आज रात्री जेवणं आटोपली की एक कोरा कागद घ्या. आठवी ते बारावी अशा पाच ओळी लिहा आणि मुलीला शेजारी बसवून भरा. मग तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. डाळ-तांदूळ काढताना रोज नजरेला पडेल!