संगणकाच्या श्रमांचें मोजमाप

नागपुरांतील सीताबर्डीवरच्या एखाद्या पेढीनें हिशेब, मालसाठा व वेबवरून येणाऱ्या मागण्या एकाच मध्यम आकाराच्या संगणकावर सोंपविल्या आहेत, अशी कल्पना करावी. दिवाळीच्या तोंडावर यंत्र मंदावतें, गिऱ्हाइकें खोळंबतात, आणि सारा दोष वेब-सर्व्हरवर टाकून मोठें यंत्र घेण्याचा बेत ठरतो. असा खर्च करण्यापूर्वीं मोजमाप करणें अगत्याचें आहे.

आय.बी.एम. कंपनीनें १९८८ च्या जूनमध्यें ए.एस. ४०० हा व्यापारी संगणक पुढें आणला. त्याची परंपरा आज 'आय.बी.एम. आय' या कार्यप्रणालीच्या रूपानें चालू आहे. तींत अपाची वेब-सर्व्हर 'क्यूएचटीटीपीएसव्हीआर' नांवाच्या उपप्रणालींत चालतो. 'वर्क विथ ॲक्टिव्ह जॉब्ज' ही आज्ञा दिली असतां कोणत्या कामानें प्रोसेसरचा शेंकडा किती वेळ घेतला, हें पडद्यावर दिसतें.

तो आंकडा वाचतांना मात्र तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. पहिली कालावधीची. वैशाखांतील नागपूरचें दिवसरात्रीचें सरासरी उष्णतामान सांगितल्यानें भरदुपारच्या उन्हाची कल्पना येत नाहीं. तसेंच येथें आहे. एक मिनिट १०० टक्के व पुढचीं १४ मिनिटें ५ टक्के भार असला, तर पंधरा मिनिटांची सरासरी अवघी ११ टक्क्यांच्या आसपास येते. यास्तव गर्दीच्या वेळींच दहावी कळ दाबून मोजणी नव्यानें सुरू करावी, आणि एका मिनिटानें पांचवी कळ दाबून आंकडे पाहावे.

दुसरी गोष्ट प्रोसेसरांच्या संख्येची. टक्केवारी सर्व प्रोसेसरांच्या एकूण वेळाची असते. चार प्रोसेसर असतील तर एका मिनिटांत २४० सेकंद उपलब्ध होतात. सर्व्हरच्या सर्व कामांनीं मिळून ३६ सेकंद घेतले, तर भार १५ टक्के झाला. उलट, एकच प्रोसेसर पूर्णपणें अडकविणारें काम २५ टक्केच दाखवितें, आणि तें निरुपद्रवी भासतें.

तिसरी गोष्ट श्रमविभागाची. वेब-सर्व्हर मागणी स्वीकारतो. परंतु माहितीचा शोध पुष्कळदां 'क्यूएसक्यूएसआरव्हीआर' नांवाचीं निराळीं कामें करितात. त्यांचा वेळ सर्व्हरच्या खात्यावर पडत नाहीं. तोही मिळविल्यावांचून वेबचा खरा खर्च कळत नाहीं.

एवढें करूनही भार अल्पच आढळला, तर विलंबाचें मूळ डिस्क, स्मृति अथवा एकमेकांसाठीं अडून बसलेल्या कामांत शोधावें. तेथें नवा प्रोसेसर घेऊन गिऱ्हाइकाचा खोळंबा टळणार नाहीं. पेढीचा पैसा मात्र जाईल.