ऑइल वाढले? जीप सुरू करू नका

जुन्या पेट्रोल जीपमधले ऑइल कमी झाले की आपण धास्तावतो. वाढले तर मात्र निर्धास्त असतो. पण ऑइल आपोआप वाढत नसते! विलीज जीपचा फ्युएल पंप इंजिनलाच जोडलेला असतो. त्यातला लवचिक पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होऊन बेअरिंग झिजतात. आत साचलेली पेट्रोलची वाफ पेटूही शकते. इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा. पेट्रोलचा वास आला, तर स्टार्टर मारू नका. डायफ्राम शाबूत असेल, तर कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई गळते का, ते मेकॅनिककडून तपासा. दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. डायफ्राम इथेनॉल सोसणाराच मागा.