'मुल्लै'चे रान आणि गिंडीचे गवत

प्राचीन तमिळ संघकाव्यातील पाच भूप्रदेशांपैकी 'मुल्लै' हा प्रदेश भाषांतरांत बहुधा 'वन' वा 'अरण्य' या शब्दांनी ओळखला जातो. 'तोल्काप्पियम्' या लक्षणग्रंथाने मुल्लैला मायोन हा देव, पर्जन्यकाल आणि सायंकाळ नेमून दिली आहे. तिचा भाव परगावी गेलेल्या पतीची वाट पाहण्याचा, आणि तिची माणसे गुराखी. गुराख्याला दाट अरण्य नव्हे, चराऊ गवत हवे असते. 'अकनानूरु' व 'कुरुन्तोकै' यांतील मुल्लै-कवितांत भेटणारा पीळदार शिंगांचा 'इरलै' हाही सामान्यतः काळवीट मानला जातो. दृष्टी आणि वेग हेच ज्याचे संरक्षण, तो हा प्राणी उघड्या माळावरच निर्धास्त असतो.

काळवीट चेन्नईत आजही आहे. १९७८ साली घोषित झालेले गिंडी राष्ट्रीय उद्यान जेमतेम २.७ चौरस किलोमीटरचे. तेथे आणि लगतच्या आयआयटीच्या आवारात त्याचे कळप टिकून राहिले. परंतु उद्यानात झाडेझुडपे वाढत गेली, तसतशी गवताची मोकळीक आकसली. झाडीत रमणाऱ्या चितळांना हा बदल मानवला. काळविटांना मानवला नाही. गवताळ भूमीचे संवर्धन म्हणजे वृक्षारोपण नव्हे. प्रसंगी झुडुपे काढून टाकणे हेच तेथे संवर्धन ठरते.

गवताला अपुरे राहिलेले अरण्य समजण्याची ही चूक महाराष्ट्रालाही परिचित आहे. ज्या माळाने माळढोकाला नाव दिले, तोच माळ महसुली व्यवहारात 'पडीक' ठरला आणि नांगर, कालवे, कारखाने व वृक्षलागवड यांना मोकळा झाला. १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात या पक्ष्यासाठी राखीव क्षेत्र झाले. पण त्यालाही नाव मिळाले ते 'अभयारण्य' असेच. आज तेथे माळढोकाचे दर्शन अतिदुर्मीळ झाले आहे.

वस्तुतः मुल्लैसाठी मराठीत एक जवळचा शब्द उपलब्ध आहे: रान. रानात झाडी येते, तसे माळरान आणि गायरानही येते. कोरडवाहू शेतालाही शेतकरी रानच म्हणतो. तमिळमधील 'काडु' या शब्दाची व्याप्तीही अशीच आहे. म्हणून भाषांतरकाराने 'अरण्य' सोडून 'रान' स्वीकारणे, हा केवळ शब्दनिवडीचा प्रश्न उरत नाही. ज्या भूमीला भाषेत स्वतंत्र नाव उरत नाही, ती रिकामी समजली जाते. आणि रिकामी समजलेली जमीन फार काळ गवताची राहत नाही.