समुद्रावरची पंगत

क्रूझहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. किती पडले, आणि खायला काय होतं? मला विचाराल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असतं. बोटींचं वेड मला फार वर्षांपासूनचं. जमेल तेव्हा प्रवास करते, आणि जमत नाही तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांची भाडेपत्रकं, मेनू आणि डेकचे नकाशे शेजारी ठेवून वाचत बसते. या वाचनातून आणि फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. कंपनी जोखायची ती भाड्यातच जे जेवण आणि जी सेवा मिळते त्यावरून. जादा पैसे मोजून जायच्या झगमगीत रेस्टॉरंटांवरून नव्हे. पैसे टाकले की चांगलं जेवण कुठेही मिळतं. बोटीवरच्या सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीच्या खोलीतला प्रवासी रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये बसतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात काय येतं आणि ते कोण कसं वाढतं, यात कंपनीची नियत कळते.

आधी पैशांचं बोलू. जाहिरातीतल्या भाड्यात साधारणपणे खोली, मुख्य डायनिंग रूम, बुफे, रात्रीचे कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव एवढं धरलेलं असतं. दारू, कोल्ड्रिंक, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली आणि खास रेस्टॉरंटं यांचे पैसे वेगळे. शिवाय असते ग्रॅच्युइटी, म्हणजे सक्तीची नसली तरी खात्यावर आपोआप चढणारी टिप. बड्या अमेरिकन कंपन्यांत ती माणशी दिवसाला सोळा ते वीस डॉलरच्या घरात जाते. अठरा धरले तरी नवराबायकोच्या सात रात्रींचे २५२ डॉलर होतात, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. पेयांच्या प्रत्येक बिलावर अठरा-वीस टक्के सेवाआकार लागतो तो निराळाच. एकट्याने जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी दोघांचं भाडं भरावं लागतं. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना मी सगळे खर्च एकत्र मांडते आणि मग त्या बेरजेला रात्रींनी भागते.

असा हिशेब मांडला की चित्र पालटतं. व्हायकिंगच्या समुद्री बोटींचे दर पाहून पहिल्यांदा छातीच दडपते. पण त्या भाड्यात दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबरची वाइन-बिअर, वायफाय आणि प्रत्येक बंदरातली एक सहल येते. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, कॅसिनो नाही. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीने २०१९ पासून टिप भाड्यातच घातली. उलट एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांचं भाडं भूमध्य समुद्रात फार आकर्षक असतं, पण तिथे रात्रीच्या टेबलावर पाण्याची बाटलीसुद्धा बहुधा विकत घ्यावी लागते. आपल्या माणसाला हे पचत नाही. पाणी विचारून द्यायच्या संस्कारात आपण वाढलेले! पण तिथल्या साध्या हॉटेलातही हीच रीत आहे, हे लक्षात ठेवलं की राग ओसरतो. रॉयल कॅरिबियनवर खोलीत जेवण मागवलं की दरवेळी आकार पडतो, हॉलंड अमेरिकेवर सहसा पडत नाही.

इतिहास थोडक्यात सांगते. १८४४ मध्ये पी अँड ओने भूमध्य समुद्रात सहलीसाठी प्रवासी न्यायला सुरुवात केली. खास सहलीसाठीच बांधलेली पहिली बोट म्हणजे १९०० सालची जर्मन ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’. १९५८ नंतर जेट विमानांनी अटलांटिकवरचे प्रवासी पळवले आणि बोटींनी पोट भरायला सुट्टीच्या सहली धरल्या. आज चार घराण्यांकडे बहुतेक बाजार आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या पोटात प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड, कोस्टा आणि पी अँड ओ. रॉयल कॅरिबियनकडे सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी. नॉर्वेजियनकडे ओशियानिया आणि रीजंट. चौथं घराणं एमएससीचं, ते अजूनही खासगी मालकीचं आहे. पाटी वेगळी दिसली म्हणून मालक वेगळा असेल असं नाही.

आता माझ्या आवडीच्या जागी येते, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. तिथे त्याला गॅली म्हणतात. बऱ्याच बोटींवर ती पैसे भरून पाहता येते. बाकीचे प्रवासी तलावाकाठी लवंडलेले असतात तेव्हा मी टोपी घालून, हात धुऊन गॅलीच्या दारात उभी असते. आत पाऊल टाकताच जाणवतं की इथे जाळ नाही. आगीच्या धोक्यामुळे सगळा स्वयंपाक विजेच्या शेगड्यांवर आणि वाफेवर चालतो. पोळी फुलवायला आच मिळत नाही, म्हणून बोटीवरची पोळी घरच्यासारखी कधीच होत नाही, हे आल्यावर तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. शेगड्यांना कडेने लोखंडी कठडे असतात, बोट डोलली तरी पातेलं घसरू नये म्हणून. मासे, मटण आणि भाज्या चिरायच्या खोल्या वेगवेगळ्या, चिरायच्या फळ्यांचे रंगही वेगळे. बेकरी रात्रभर चालू असते, कारण सकाळचा पाव बाहेरून येत नाही. काही मोठ्या बोटींवर वाढप्यांना वर-खाली करायला गॅलीतच सरकते जिने असतात.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवते ती ताटं भरायची ओळ. रात्रीच्या मेनूतल्या प्रत्येक पदार्थाचा फोटो तिथे भिंतीला लावलेला असतो. मासा कुठे, बटाटा कुठे, सॉसची रेघ कुठून कुठे, सगळं त्यात दिसतं. एक जण फक्त बटाटा ठेवतो, दुसरा फक्त सॉस ओढतो, तिसरा फडक्याने कड पुसतो आणि वर झाकण येतं. वाढपी अशी झाकलेली ताटं एकावर एक रचून भलंमोठं तबक खांद्यावर घेतो आणि गर्दीतून वाट काढतो. शेकडो माणसं एकाच वेळी जेवायला बसलेली असतात आणि तरीही ताट गरम पोचतं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत वाढण्याचा क्रम सांभाळणारा जो जाणता माणूस असतो, तसा इथे मुख्य शेफ ओळीच्या टोकाला उभा राहून प्रत्येक ताट नजरेखालून घालतो.

मात्र मेनू हा शेफ ठरवत नाही. मोठ्या अमेरिकन कंपन्यांत पाककृती आणि मोजमाप मुख्य कार्यालयातून येतं. म्हणून एकाच कंपनीच्या दोन बोटींवर, दोन वेगळ्या महासागरांत, तेच पदार्थ तशाच ताटांत दिसतात. शेफचा हात दिसतो तो आच, मीठ आणि वेळ यांत. ओशियानियाने मात्र जेवणालाच आपली ओळख केलं. झाक पेपँ या फ्रेंच शेफच्या देखरेखीखाली त्यांच्या पाककृती तयार झाल्या, आणि तिथे खास रेस्टॉरंटांनाही जादा पैसे पडत नाहीत. कोस्टाचं मूळ जेनोव्हातल्या ऑलिव्ह तेलाच्या व्यापारात. एमएससीच्या मोठ्या बोटींवर मोझरेला बोटीवरच बनतं, आणि त्यांचा पिझ्झा मी बुफेतला सगळ्यात चांगला पिझ्झा मानते.

स्वच्छतेबद्दल मी आग्रही आहे. अमेरिकन बंदरांना जाणाऱ्या बोटींची तिथल्या आरोग्य खात्याकडून न कळवता तपासणी होते. शंभरपैकी गुण मिळतात, पंच्याऐंशी किंवा कमी म्हणजे नापास, आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. पोटाच्या साथी बोटीवर झपाट्याने पसरतात. बुफेच्या दाराशी हात धुवायला लावणारा माणूस गाणं म्हणत उभा असेल तर त्याला टाळून पुढे जाऊ नका.

आपल्याला जवळचा प्रश्न शाकाहाराचा. एका युरोपीय बोटीवर, नाव सांगत नाही, शाकाहारी म्हणून मला रोज रात्री त्याच उकडलेल्या भाज्या मिळाल्या. फक्त त्यांची मांडणी बदलायची. याच्या अगदी उलट अनुभव सिंगापूरहून निघालेल्या बोटीवर आला. पहिल्याच रात्री हेडवेटर टेबलापाशी आला, आडनाव वाचलं आणि थेट मराठीत म्हणाला, "काकू, उद्या रात्री काय करायला सांगू? आदल्या दिवशी कळलं तर वरण-भात, बटाट्याची भाजी नक्की देतो. भरली वांगी नाही जमणार." गडी सावंतवाडीकडचा होता. दुसऱ्या रात्री वरणावर तूप सोडलेलं होतं आणि लिंबाची फोडही होती. मोठ्या कंपन्यांत ही सोय असते, फक्त आज सांगून उद्या मिळते. जैन जेवण तर आरक्षणाच्या वेळीच लिहून द्यावं लागतं.

सावंतवाडीचा हेडवेटर भेटणं हा योगायोग नाही, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. ब्रिटिशांच्या बोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी डेकवर असत, आणि गोव्याचे ख्रिस्ती तारवटी, म्हणजे बोटीवरचे नोकर, स्वयंपाकघर आणि डायनिंग सलून सांभाळत. बोटीची वाट पाहत हे तारवटी मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये राहत. कूड म्हणजे गावाचा मुंबईतला मुक्काम. भिंतीला लागून पेट्या, एका बाजूला वेदी, आणि सगळ्यांचे कान बोलावण्याकडे. पी अँड ओच्या टपालबोटी बॅलार्ड पिअरला लागत, आणि धक्क्यावरूनच फ्रंटिअर मेल पेशावरकडे सुटे. त्या बोटींच्या मेनूवर करी असायचीच. ही परंपरा मोडलेली नाही. पी अँड ओवर आजही भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत, आणि ‘सिंधू’ हे त्यांचं भारतीय रेस्टॉरंट शेफ अतुल कोच्चर यांच्या सहभागाने उभं राहिलं. साहेबाच्या बोटीवर आमटी-भाताला मान मिळाला तो या तारवट्यांच्या हातामुळे, असं मी मानते.

सेवेचं मोजमाप करायचं तर प्रवासी आणि कर्मचारी यांचं प्रमाण पाहावं. रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर खोलीत दोघे धरून ५,६१० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी. व्हायकिंगच्या सुरुवातीच्या समुद्री बोटींवर ९३० प्रवाशांमागे साधारण ४६५. फरक लगेच जाणवतो. पण आकड्यांपेक्षा मला ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल महत्त्वाचं वाटतं. नॉर्वेजियनने २००० साली जेवणाच्या वेळा मोकळ्या केल्या आणि बाकीच्यांनी ती सोय उचलली. तरुणांना ती आवडते. मी मात्र ठरलेलीच पाळी घेते, आणि तीही उशिराची. तोच वाढपी रोज येतो. दुसऱ्या दिवशी त्याला माहीत असतं की मला पाणी बर्फाशिवाय लागतं आणि जेवणानंतर चहा. ही माणसं सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर, आठवड्याचे सातही दिवस राबतात. आंतरराष्ट्रीय नियमाने त्यांना दिवसाला किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे चौदा तास कामाची मुभा आहेच. म्हणूनच ग्रॅच्युइटी काढून टाका म्हणून काउंटरवर हुज्जत घालणारे प्रवासी मला मुळीच आवडत नाहीत.

क्युनार्डचा उल्लेख टाळता येत नाही. ‘क्वीन मेरी २’वर तुमची खोली जशी, तसं तुमचं जेवणघर. ब्रिटानिया, प्रिन्सेस ग्रिल, क्वीन्स ग्रिल अशी चढती भाजणी. मला ही वर्गवारी पटत नाही. पण पांढरे हातमोजे घालून दुपारी चहा वाढतात तो सगळ्यांना खुला, आणि तो पाहण्यासारखा सोहळा आहे.

मग कोणी कुठे जावं? घरात आजी-आजोबा असतील, खाणं आपलंच हवं असेल आणि व्हिसाची कटकट नको असेल, तर मुंबईहून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’. बोट १९९० ची, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होती. खोल्या लहान, बाल्कन्या मोजक्या, पण शाकाहारी-जैन जेवणासाठी कोणाच्या मागे लागावं लागत नाही. मुलं बरोबर असतील तर सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन किंवा ‘गेंटिंग ड्रीम’. सिंगापूरचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, तेवढं पाहा. युरोपची बंदरं कमी पैशांत पाहायची तर एमएससी. खाण्यावरच जीव असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर ओशियानिया. निवांत, वाचत बसायचं असेल तर व्हायकिंग. बोट लागत असेल तर कुठल्याही कंपनीत मधली, खालच्या डेकवरची खोली घ्या. तिथे डोलणं कमी जाणवतं आणि ती स्वस्तही असते. आणि बोटीवर पाय ठेवल्याबरोबर गॅली-टूर आहे का ते विचारा. असेल तर त्याच दिवशी नाव द्या. जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात.