जळाऊ लाकडाचे मापन व विक्री

सरपण म्हणून वापरावयाच्या लाकडाचे परिमाण ठरविण्याच्या पद्धती व त्याच्या खरेदी-विक्रीस लागू असलेले विधिनियम. जळाऊ लाकूड आकाराने अनियमित असते, रचताना त्यात पोकळी राहते आणि ओलाव्यानुसार त्याचे वजन बदलते. म्हणून धान्य किंवा तेल यांच्याप्रमाणे त्याचे माप निःसंदिग्ध नसते. घनफळ व वजन अशा दोन पद्धती रूढ असून दोहोंत फसगतीच्या जागाही वेगळ्या आहेत.

वनविभागाच्या आगारांत ठराविक लांबीचे तुकडे रचून ढिगाची लांबी, रुंदी व उंची यांवरून घनफळ काढतात. पूर्व विदर्भात अशा ढिगास ‘बीट’ म्हणतात. फ्रान्समध्ये १७९५ साली दशमान पद्धतीबरोबरच सरपणासाठी ‘स्टेअर’ (एक घनमीटर रचलेले लाकूड) हे स्वतंत्र एकक ठरविण्यात आले. अमेरिकेत १२८ घनफुटांचे ‘कॉर्ड’ प्रचलित आहे. रचलेल्या ढिगात प्रत्यक्ष लाकूड साधारणतः ६० ते ७० टक्केच असते. वेडीवाकडी लाकडे सैल रचली, तर ते आणखी कमी भरते.

पुणे शहरात विक्री मुख्यतः वखारीतून व वजनावर होत आली. पेशवेकाळात बाजारातील वजनमापांवर कोतवालाची देखरेख असे. तथापि ‘मण’ हे एकच नाव निरनिराळ्या वजनांना होते : मुंबईचा मण २८ पौंडांचा (सु. १२.७ किग्रॅ.), तर ८० तोळ्यांच्या शेराचा ४० शेरी मण सु. ३७.३ किग्रॅ. भरे. मुंबई वजने व मापे अधिनियम, १९३२ या कायद्याने इलाख्यापुरती प्रमाण वजने ठरविली. केंद्राच्या १९५६ च्या अधिनियमानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली आणि वखारीतील मणाची जागा किलोग्रॅम व क्विंटल यांनी घेतली. बोलण्यात मात्र मण पुष्कळ काळ टिकला.

वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०११ पासून अंमलात आला. त्यानुसार प्रमाण एककांखेरीज अन्य एककांत भाव सांगता येत नाही, आणि ठरलेल्यापेक्षा कमी किंवा अधिक माल देण्याघेण्याची कोणतीही रूढी रद्दबातल ठरते. मणामागे काही शेर सूट धरण्यासारख्या चालींना त्यामुळे विधिमान्यता उरली नाही. वजने व तराजूदांडी यांची फेरपडताळणी दर चोवीस महिन्यांनी, तर इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची दर बारा महिन्यांनी करून मुद्रांकन करून घ्यावे लागते. डोक्यावरून आणलेली मोळी हे कायद्याच्या दृष्टीने मापच नव्हे. तिचा सौदा नजरेच्या अंदाजानेच होत आला आहे.

काटा अचूक असला, तरी ओलाव्याचा प्रश्न सुटत नाही. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे १०० किग्रॅ. लाकूड १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळले, तर सु. ५९ किग्रॅ. उरते, म्हणजे सु. ४१ किग्रॅ. पाण्याचे पैसे ग्राहकाने मोजलेले असतात. शिवाय उरलेले पाणी उडवून लावण्यात जळणाची काही उष्णता खर्ची पडते. पावसाळ्यात हा तोटा विशेष जाणवतो, आणि तो सोसावा लागतो तो बहुधा रोजच्या रोज थोडे सरपण घेणाऱ्या कुटुंबास. कारण उन्हाळ्यातच साठा करण्यास लागणारी जागा व पैसा त्याच्याजवळ नसतो. अंत्यसंस्कारासाठी लाकूड घेणाऱ्यास तर निवड करण्यास सवडही नसते. अनुभवी गिऱ्हाईक टोकावरच्या चिरा व दोन ओंडके एकमेकांवर आपटल्यावर येणारा खणखणीत आवाज यांवरून वाळलेले लाकूड ओळखते.

लाकूड वखारीत पोहोचण्यापूर्वी वनविषयक कायद्यांचा संबंध येतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४१ नुसार वनोपजाच्या वाहतुकीवर राज्य शासनाचे नियंत्रण असून त्यासाठी परवाना लागतो; काही जातींना यातून सूट आहे. महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरील वृक्षतोडीस १९६४ चा, तर नागरी क्षेत्रातील तोडीस १९७५ चा अधिनियम लागू आहे. पुण्यात महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते. स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार झाल्यावर शहरातील वखारींचे घरगुती गिऱ्हाईक घटले.