धम्मदिन्नेचीं उत्तरें

भिक्षुणीसंघाचा आरंभ सुखासुखीं झाला नाहीं. बुद्धांस लहानाचें मोठें करणारी मावशी महाप्रजापती गोतमी हिनें तीन वेळां प्रव्रज्या मागितली. तिन्ही वेळां नकारच मिळाला. पुढें केस कापून, काषाय वस्त्रें परिधान करून, सुजलेल्या पायांनीं ती वैशालीस आली. आनंदानें रदबदली केली तेव्हां अनुज्ञा मिळाली, पण आठ गुरुधर्मांसह. त्यांतील पहिलाच केवढा कठोर! शंभर वर्षांपूर्वीं उपसंपदा घेतलेल्या भिक्षुणीनेंहि आजच्या नवख्या भिक्षूस वंदन करावें. हे नियम खुद्द बुद्धांचे कीं मागाहून जोडलेले, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं.

आतां मज्झिमनिकायांतील चूळवेदल्लसुत्त पाहावें. विशाख नांवाचा उपासक धम्मदिन्ना भिक्षुणीस देहात्मबुद्धि, अष्टांगिक मार्ग, समाधि, वेदना यांविषयीं एकामागून एक सूक्ष्म प्रश्न विचारतो. अट्ठकथेप्रमाणें हा तिचा पूर्वाश्रमींचा पति. ती न अडखळतां उत्तरें देते. निर्वाणाच्याहि पलीकडचें तो विचारूं लागतो, तेव्हां मात्र 'प्रश्नाची मर्यादा ओलांडलीस' असें बजावून त्यास बुद्धांकडे धाडते. बुद्ध सांगतात कीं, आपणहि हींच उत्तरें दिलीं असतीं.

सिंहलद्वीपांतील भिक्षुणीपरंपरा अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झाली. १९९६ सालीं सारनाथ येथें सिंहली स्त्रियांस पुन्हां उपसंपदा देण्यांत आली. परंतु गुरुधर्माप्रमाणें ती भिक्षु व भिक्षुणी अशा दोन्ही संघांकडून मिळावयास हवी. खंडित झालेला भिक्षुणीसंघ ती देणार कसा, हा थेरवादी देशांतील वाद अद्यापि मिटलेला नाहीं.