विश्लेषण : बारावीच्या इंग्रजीतील कादंबऱ्या फक्त गाइडवर भागतात का?

बारावीच्या इंग्रजीची तयारी म्हणजे व्याकरण, सारांश आणि पत्रलेखन, असे समीकरण अनेक घरांत पक्के असते. पुस्तकाच्या शेवटी असलेला कादंबरीचा विभाग मात्र गाइडमधील तयार उत्तरांवर सोडून दिला जातो. हा विभाग किती गुणांचा आहे, त्यात काय आहे आणि मूळ उतारे वाचून काय मिळते?

साहित्याला गुण किती?

राज्य मंडळाचे ‘युवकभारती’ हे इंग्रजीचे पुस्तक २०२० मध्ये बारावीसाठी आले. त्यानुसार १०० पैकी ८० गुण लेखी आणि २० तोंडी परीक्षेला आहेत. लेखीत गद्याला ३४, पद्याला १४, लेखनकौशल्याला १६ आणि कादंबरीला १६ गुण. पत्र, मुलाखत, भाषण यांचा जितका सराव होतो, तितकेच वजन कादंबरीला आहे. कविता आणि कादंबरी मिळून ३० गुण होतात. अकरावीत कादंबरीच्या जागी नाटक असते.

तीन कादंबऱ्या कोणत्या?

कादंबरी या साहित्यप्रकाराचा थोडक्यात इतिहास आणि त्यानंतर तीन कादंबऱ्यांचे उतारे, अशी या विभागाची रचना आहे.

‘टू सर, विथ लव्ह’ (१९५९) ही ई. आर. ब्रेथवेट यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी. ब्रिटिश गयानात जन्मलेले ब्रेथवेट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात होते. युद्धानंतर मात्र शिक्षण आणि पात्रता असूनही कातडीच्या रंगामुळे त्यांना मनासारखी नोकरी मिळेना. लंडनच्या ईस्ट एंडमधील शाळेत ते शिक्षक झाले, त्या अनुभवावर ही कादंबरी बेतली आहे. ही पार्श्वभूमी ठाऊक असेल तर वर्गातील मुलांच्या वागण्यात हळूहळू होणारा बदल नीट कळतो.

‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ मुळात फ्रेंच. ज्यूल व्हर्न यांच्या या कादंबरीत फिलियस फॉग मुंबईत उतरतो आणि रेल्वेने कलकत्त्याकडे निघतो. वाटेत रूळच संपतात आणि त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. कथा १८७२ मधील आहे. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग १८७० मध्येच जोडला गेला होता. लेखकाने हा खंड कथेसाठी निर्माण केला. कथानक कसे रचले जाते, हे समजायला यापेक्षा सोपे उदाहरण नाही.

आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) ही शेरलॉक होम्सची कथा लंडनमध्ये घडते, पण तिचे मूळ भारतात आहे. १८५७ च्या उठावाच्या काळात आग्ऱ्याच्या किल्ल्यात दडवलेला खजिना आणि अंदमानातील कैदी यांवर सगळे रहस्य उभे आहे. अंदमानी माणसाचे तिच्यातील चित्रण मात्र साम्राज्यवादी पूर्वग्रहाने भरलेले आहे. ‘हे कोणाच्या नजरेतून लिहिले आहे?’ हा प्रश्न विचारायची सवय इथून लागू शकते.

कवितेचे काय?

रसग्रहणाला ४ गुण असतात. कवी व शीर्षक, आशय, अलंकार व भाषा, संदेश आणि स्वतःचे मत असे त्याचे मुद्दे ठरलेले आहेत. अडचण शेवटच्या मुद्द्याशी येते, कारण पाठ केलेले मत कोणत्याही कवितेला चिकटवले जाते. ‘फादर रिटर्निंग होम’ ही दिलीप चित्रे यांची कविता घ्या. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणारे, तुकारामांचे अभंग इंग्रजीत नेणारे हे कवी. लोकलने रात्री घरी येणारा, घरातही एकटा असलेला बाप आपल्याकडच्या मुलांना अनोळखी नाही. त्यावर दोन वाक्ये स्वतःची लिहिता येतात.

इतरत्र कसे शिकवतात?

सीबीएसईच्या बारावीत ‘इंग्लिश कोअर’साठी ‘फ्लेमिंगो’ आणि ‘व्हिस्टाज’ ही पुस्तके आहेत. आयएससीत भाषा आणि साहित्य यांचे पेपरच वेगळे असतात. इंग्लंडमध्ये ‘ए लेव्हल’ला इंग्रजी साहित्य हा ऐच्छिक विषय आहे. तो घेणाऱ्याला दोन वर्षांत किमान ८ साहित्यकृती अभ्यासाव्या लागतात. त्यांत शेक्सपिअर हवाच आणि २००० नंतरची एक कृतीही हवी. तिथे मुले पूर्ण पुस्तक वाचतात, आपल्याकडे उतारा वाचतात. म्हणूनच तो उताराही गाइडमधून वाचला, तर साहित्य म्हणून हाती फारसे काही उरत नाही.

तयारी कशी करावी?

• उतारा आधी गाइडशिवाय वाचा. प्रत्येक शब्द अडला तरी थांबू नका.

• व्यक्ती, स्थळ, घटना आणि त्यामागचे कारण असा एका पानाचा तक्ता करा. व्यक्तिरेखेवरचे बहुतेक प्रश्न यातून सुटतात.

• साधारण ५० शब्दांत उत्तर लिहायचा सराव करा. मत आधी, मग उताऱ्यातील प्रसंगाचा आधार.

• व्हर्न आणि डॉयल यांची पुस्तके स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. ती मोबाइलवर मोफत वाचता येतात. ‘साइन ऑफ फोर’ लहान आहे. दिवाळीच्या सुट्टीत सहज संपते.

ज्याला पुढे बीएला इंग्रजी घ्यायचे आहे, त्याला तर हा विभाग म्हणजे घरबसल्या मिळालेली चाचणीच. उतारा वाचून पुढे काय झाले याची उत्सुकता वाटली, तर प्रवेशअर्ज भरताना त्या उत्सुकतेचा विचार जरूर करावा.